पडद्यावरचा इतिहास आणि पाहणारी घरे

ऐतिहासिक कादंबरी माणूस एकट्याने वाचतो. ऐतिहासिक नाटकाला तो ठरवून, तिकीट काढून जातो. दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका मात्र थेट घरात येते आणि आजोबा, सून, शाळकरी नातवंडे अशा तीन पिढ्या तिच्यापुढे एकाच वेळी बसतात. भिंतीपलीकडच्या घरातही त्याच घटकेला तीच मालिका चालू असते. पण त्या घराचा भूतकाळ निराळा असतो. कोणी तीत जुने वाडे, पोशाख आणि दागिने पाहतो. कोणी पूर्वजांचा पराक्रम पाहतो. कोणाला आपल्या घराण्याची जुनी जखम दिसते, तर कोणाला आपल्या वडिलांनी कधीच न सांगितलेली गोष्ट. मालिका एक असली, तरी तिचे प्रेक्षक एक नसतात.

हा फरक निव्वळ आवडीनिवडीचा असता, तर त्याचा एवढा विचार करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु एखादी मालिका संपूर्ण राष्ट्राला आपल्याच भूतकाळासमोर उभे करते आणि मग पाहणारा कोण आहे, हा प्रश्न फार मोलाचा होऊन बसतो. विसाव्या शतकात याचे सर्वांत ठळक उदाहरण घडले ते ‘होलोकॉस्ट’ या अमेरिकन मालिकेच्या निमित्ताने.

आधीची वाटचाल

या मालिकेची वाट दुसऱ्या एका मालिकेने मोकळी केली होती. ॲलेक्स हेली यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून ‘एबीसी’ या अमेरिकन वाहिनीने ‘रूट्स’ ही मालिका तयार केली आणि जानेवारी १९७७ मध्ये लागोपाठ आठ रात्री ती दाखवली. आफ्रिकेतून पळवून आणलेल्या कुंता किंते या तरुणाची आणि त्याच्या वंशजांची ही कथा. गुलामांच्या दुःखाची कहाणी गोरे प्रेक्षक पाहतील काय, अशी वाहिनीला धास्ती होती. म्हणून लोकांच्या आवडत्या गोऱ्या नटांना तीत घेतले गेले. गुलामांच्या जहाजाचा कप्तानही सदसद्विवेकाच्या टोचणीने व्याकूळ झालेला दाखवला गेला. धास्ती खोटी ठरली. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दृष्टीने ही मालिका म्हणजे हरवलेला वंशवृक्ष सापडण्याचा आनंद होता. गोऱ्या अमेरिकनांपैकी अनेकांनी तीत एका कुटुंबाची चिकाटी पाहिली आणि आपल्याही पूर्वजांची मुळे शोधायला सुरुवात केली. पुढे हेलींच्या संशोधनावर गंभीर आक्षेप घेतले गेले. दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीतील मजकूर उचलल्याच्या दाव्यात १९७८ साली त्यांना तडजोड करावी लागली. तरीही मालिकेचा परिणाम पुसला गेला नाही. इतिहासकाराच्या कसोटीवर उणी ठरलेली कृतीसुद्धा लोकांना इतिहासाकडे वळवू शकते, ही अवघड गोष्ट तेव्हाच दिसून आली होती.

दोन कुटुंबांची कथा

‘रूट्स’चे यश पाहून ‘एनबीसी’ या प्रतिस्पर्धी वाहिनीने नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहारावर मालिका काढली. जेराल्ड ग्रीन यांनी ती लिहिली, मार्विन चॉम्स्की यांनी दिग्दर्शित केली आणि १६ ते १९ एप्रिल १९७८ या चार रात्री ती प्रक्षेपित झाली. सुमारे १२ कोटी अमेरिकनांनी तिचा काही ना काही भाग पाहिला, असा त्या वेळचा अंदाज आहे.

कथेच्या केंद्रस्थानी बर्लिनमधील डॉ. योसेफ वाइस यांचे सुखवस्तू, सुसंस्कृत यहुदी कुटुंब आहे. आरंभ होतो तो एका विवाहाने. थोरला मुलगा कार्ल इंगा या ख्रिस्ती मुलीशी लग्न करतो. इंगाची भूमिका त्या काळी नवोदित असलेल्या मेरिल स्ट्रीप यांनी केली होती. त्यानंतर दहा वर्षांत हे कुटुंब पाचोळ्यासारखे उडून जाते: कोणी वॉर्सातील कोंडवाड्यात, कोणी बूखनवाल्डला, कोणी आउश्वित्झला. धाकटा रुडी तेवढा जिवंत उरतो.

दुसरे कुटुंब एरिक डॉर्फ या जर्मन वकिलाचे. डॉर्फ हा राक्षस नाही. तो बेकार आहे, त्याच्या घरात लहान मुले आहेत आणि पत्नीला पतीची भरभराट हवी आहे. तिच्या आग्रहावरून तो ‘एसएस’ या संघटनेत नोकरी धरतो. डॉ. वाइस एके काळी या कुटुंबावर उपचार करीत असत, हे लक्षात ठेवावे. डॉर्फचे काम कागदांचे. अघोर कृत्यांना सभ्य शब्द शोधून देण्याचे. पायरीपायरीने उतरत तो सामूहिक हत्येच्या व्यवस्थेतील एक प्रमुख कारकून होतो.

अमेरिकन प्रेक्षकाला ही रचना ओळखीची होती. लग्न, भांडण, विरह, आजार यांच्या कौटुंबिक मालिका तो रोजच पाहत होता. त्याच साच्यातून आल्यामुळे दूर युरोपातील यहुदी त्याला शेजाऱ्यासारखे वाटले. साठ लाख हा आकडा मनाला पेलवत नाही. वाइस कुटुंबातील मुलीचे मरण मात्र मनात रुतून बसते.

जे तेथून परतले होते

पण अमेरिकेतच आणखी एक प्रेक्षकवर्ग होता. छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेले लोक तेथील शहरांत राहत होते. एली वीझेल हे त्यांतील एक. किशोरवयात, १९४४ साली, त्यांना आउश्वित्झला नेण्यात आले होते; आई, वडील आणि धाकटी बहीण त्यांनी तेथल्या छावण्यांच्या जगात गमावली. मालिकेच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. ही मालिका असत्य आणि उथळ आहे, मृतांचा व वाचलेल्यांचा तिने अपमान केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याचे चित्रण होऊच शकत नाही त्याचे रंजक नाट्य करावे आणि अधूनमधून वस्तूंच्या जाहिराती दाखवाव्यात, हे त्यांना असह्य झाले. एकाच कुटुंबातील माणसे संहाराच्या प्रत्येक प्रसिद्ध ठिकाणी नेमकी हजर असतात, ही जुळवाजुळवही अनेकांना खटकली.

ही टीका बाजूला सारता येत नाही. ज्याने ते प्रत्यक्ष भोगले त्याच्यासमोर रंगवलेले चेहरे आणि शिवलेले गणवेश नाचवणे क्रूरच आहे. आणि तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी या संहाराचे स्मारक उभारण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद वीझेल यांनीच स्वीकारले. त्यातूनच वॉशिंग्टनमधील स्मारक संग्रहालय १९९३ साली उघडले. मालिकेने जागवलेली उत्सुकता आणि साक्षीदारांचा करडा आग्रह या दोन्हींची गरज होती.

जर्मनीतील चार रात्री

खरी कसोटी अजून पुढे होती. ही मालिका पश्चिम जर्मनीत दाखवावी की नाही, यावर तेथील प्रसारण संस्थांत वाद माजला. कोणी म्हणाले, ही अमेरिकन बाजारू वस्तू आहे. कोणी म्हणाले, जुन्या जखमा आता कशाला उकरायच्या? अखेर मुख्य वाहिनीऐवजी प्रादेशिक वाहिन्या एकत्र जोडून, जानेवारी १९७९ च्या अखेरीस चार रात्री ती दाखवण्याचे ठरले. त्याआधी काही दिवस याच विषयावरील माहितीपट चालू असताना अतिरेकी उजव्या गटाच्या लोकांनी प्रक्षेपण यंत्रणेवर स्फोट घडवले. मालिका थांबली नाही. तिचा किमान एक भाग पाहणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आसपास होती.

प्रत्येक भागानंतर इतिहासकार आणि छळछावणीतून वाचलेले लोक चर्चेसाठी कॅमेऱ्यासमोर बसत आणि प्रेक्षकांनी दूरध्वनी करावेत, असे आवाहन केले जाई. तीस हजारांच्या आसपास दूरध्वनी आले, हजारो पत्रे आली. कोणी रडत बोलले, कोणी संतापाने. हे सारे खोटे आहे, असे सांगणारेही होते. आणि मी स्वतः हे पाहिले आहे, असे प्रथमच उघडपणे कबूल करणारे जुने सैनिकही होते.

जर्मन लोकांना ही माहिती त्यापूर्वी नव्हती असे नाही. न्युरेंबर्गचे खटले १९४५-४६ मध्ये झाले होते. आउश्वित्झच्या रक्षकांवरील खटला १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टला चालला होता. ग्रंथ होते, माहितीपट होते, शाळेत धडे होते. पण माहितीपटातील प्रेतांना नावे नव्हती आणि धड्यातील गुन्हेगारांना घरे नव्हती. मालिकेने बळींना नावे दिली आणि गुन्हेगाराला घर दिले. अमेरिकेतील प्रेक्षक मुख्यतः वाइस कुटुंबाकडे पाहत होता. जर्मन प्रेक्षकाला डॉर्फपासून नजर हटवता येईना. असा कारकून, असा काका, असा शेजारी त्याच्या ओळखीचा होता. जेवणाच्या मेजावर मुलांनी आईवडिलांना विचारले, “तेव्हा तुम्ही कोठे होता? तुम्हांला काय ठाऊक होते?” तीस वर्षे सांभाळलेले मौन कित्येक घरांत त्या आठवड्यात मोडले. विद्वानांचे खंड जे करू शकले नव्हते ते एका नाट्यमय मालिकेने केले, याची टोचणी तेथील इतिहासकारांनाही लागली.

‘होलोकॉस्ट’ हा शब्द जर्मन भाषेत रुळला तो तेव्हापासून. १९७९ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून त्याचीच निवड झाली. त्याच वर्षी एक मोठा कायदेशीर प्रश्नही उभा होता. खुनाच्या गुन्ह्यावर खटला भरण्याची मुदत वर्षअखेरीस संपणार होती आणि अनेक नाझी गुन्हेगार त्यामुळे कायमचे सुटणार होते. ३ जुलै १९७९ रोजी जर्मन संसदेने ही मुदतच रद्द केली: बाजूने २५५ मते, विरोधात २२२. हा निर्णय केवळ मालिकेमुळे झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. हा वाद १९६५ पासून चालू होता. परंतु त्या मतदानाच्या वेळी जनमत जागे होते, आणि ते जागवण्यात त्या चार रात्रींचा वाटा होता, हे मान्य करावे लागते.

एक धर्मगुरू आणि दोन विद्यार्थिनी

या मालिकेत एक पात्र कल्पित नाही, आणि ख्रिस्ती प्रेक्षकाने त्याच्यापाशी थांबायला हवे. ते म्हणजे बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू बर्नार्ड लिख्टेनबर्ग. नोव्हेंबर १९३८ मध्ये यहुद्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तेव्हापासून ते दररोज संध्याकाळी भर देवळात यहुद्यांसाठी उघड प्रार्थना करू लागले. मनोरुग्ण व अपंग यांच्या सरकारी हत्येविरुद्ध त्यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये थेट वरिष्ठ अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्याच सुमारास त्यांची संध्याकाळची प्रार्थना ऐकणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. दोन वर्षांची शिक्षा भोगल्यावर त्यांना डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असताना, ५ नोव्हेंबर १९४३ रोजी वाटेतच त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ जून १९९६ रोजी बर्लिन येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

कॅथलिक प्रेक्षकाला हे पात्र पाहून अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. पण येथेच सावध राहायला हवे. पडद्यावरच्या सज्जनाशी आपण चटकन नाते जोडतो, कारण त्याच्या आडोशाला आपल्याला सुरक्षित वाटते. त्या देवळात लिख्टेनबर्ग एक होते. ऐकणारे पुष्कळ होते. त्या दोन मुलीही ऐकणाऱ्यांतच होत्या. आपण तेथे असतो, तर कोणत्या बाकावर बसलो असतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या पात्राचे दर्शन पुरे होत नाही.

उत्तरादाखल आलेली मालिका

जर्मनीतील सर्वांनाच ‘होलोकॉस्ट’ रुचली नाही. दिग्दर्शक एडगर राइट्झ यांना वाटले की, अमेरिकनांनी आमचा इतिहासच आमच्या हातून काढून घेतला आहे. त्यांनी १९८४ साली ‘हाइमाट’ ही अकरा भागांची कृती सादर केली. हाइमाट म्हणजे आपली माती, आपले गाव. शाबाख या काल्पनिक खेड्यातील माणसांची १९१९ पासूनची कहाणी त्यांनी विलक्षण मायेने सांगितली आणि लाखो जर्मनांना तीत आपले आजोळ दिसले. कलादृष्ट्या ती कितीतरी सरस मानली जाते. पण तिच्यावरचा आक्षेप असा की, या जिव्हाळ्याच्या चित्रात यहुद्यांचा संहार जवळजवळ कोठेच दिसत नाही. आपल्या गावाची आठवण जितकी गोड, तितकी ती शेजाऱ्याच्या गैरहजेरीवर पांघरूण घालू शकते. बेतलेली मालिका सत्याकडे घेऊन गेली आणि अस्सल कलाकृतीने त्यातला मोठा भाग वगळला, हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे.

आपल्या देशात

आपल्याकडे हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो ‘तमस’च्या वेळी. भीष्म साहनी यांच्या, १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका जानेवारी १९८८ पासून दूरदर्शनवर सुरू झाली. फाळणीच्या उंबरठ्यावरील पंजाबात नथू नावाच्या गरीब चर्मकाराकडून खोटे कारण सांगून डुक्कर मारवून घेतले जाते, ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि गाव पेटते. दंगल आपोआप होत नाही, ती कोणीतरी करवतो, हे मालिकेचे म्हणणे. तिच्यामुळे जातीय तेढ वाढेल, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात झाली आणि प्रक्षेपण तात्पुरते रोखले गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि बंदी उठवली. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेच्या बाजूने निकाल दिला.

या निकालांत मुख्य प्रश्न प्रेक्षकाचाच होता. अशिक्षित माणूस पडद्यावरचा हिंसाचार पाहून भडकेल, असे तक्रारदाराला वाटत होते. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, अक्षरओळख नसलेल्या माणसाजवळ सारासार बुद्धी नसते असे मानू नये. माथी भडकवणाऱ्यांचा कावा त्यालाही समजतो. कृतीचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाला प्रमाण मानून, दुबळ्या व संशयी मनाच्या माणसाला नव्हे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने आधार म्हणून घेतला. प्रेक्षकावर असा विश्वास टाकणे हे प्रेक्षकाला जबाबदार ठरवणेही आहे.

मग आपण, वसईचे आणि उत्तर कोकणचे ख्रिस्ती लोक, कोणते प्रेक्षक आहोत? रणजित देसाईंच्या कादंबरीवरील ‘स्वामी’ मालिका १९८७ मध्ये मुंबई दूरदर्शनवर लागली, तेव्हा माधवराव आणि रमाबाई यांनी मराठी घरांना लळा लावला; त्यांत आपलीही घरे होती. पेशवाई आपल्याही भाषेचा इतिहास आहे. पण चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला, हा प्रसंग जेव्हा जेव्हा उभा केला जातो, तेव्हा आपल्या मनात दोन सूर उमटतात. एका बाजूने तो परकीय सत्तेवरचा मराठी विजय असतो. दुसऱ्या बाजूने त्याच पडझडीत आपल्या पूर्वजांची देवळे ओस पडलेली असतात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ चे साल कोरलेली आणि भीमाशंकरची १७२९ ची, अशा घंटा पोर्तुगीज चर्चमधून विजयचिन्हे म्हणून गेल्या. त्या घंटांचा नाद यात्रेकरूला एक सांगतो, आपल्याला आणखी काही सांगतो. यात खोटे काहीच नाही.

मात्र आपली जखम आठवताना पोर्तुगीज अमलात शेजाऱ्यांची देवालये पाडली गेली होती, हेही त्याच श्वासात आठवायला हवे. जर्मन मुलांनी आईवडिलांना जो प्रश्न विचारला तो आपल्याच घराला विचारायचा होता. म्हणून तो मोलाचा ठरला. दुसऱ्याच्या पूर्वजांचा हिशेब मागायला धैर्य लागत नाही. ऐतिहासिक मालिका पाहताना आपण कोणाच्या बाजूने टाळी वाजवतो आणि कोणत्या प्रसंगी उठून पाणी प्यायला जातो, याकडे ज्याने त्याने लक्ष द्यावे.

अलीकडे एक अडचण वाढली आहे. जर्मनीतील ती चर्चा शक्य झाली, कारण एकाच रात्री सारे घर एकाच पडद्यापुढे बसले होते. आता एकाच घरात प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा असतो आणि ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणे ज्याची त्याची मालिका. प्रत्येकाला आपल्याच पक्षाचा भूतकाळ मिळतो आणि प्रश्न विचारायला समोर कोणी बसलेले नसते. म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते: ऐतिहासिक मालिका जरूर पाहा, पण एखादी तरी सर्वांनी मिळून पाहा. भाग संपल्यावर लगेच उठू नका. मुलांना विचारू द्या, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, उत्तर अवघड असले तरी, ते टाळू नये.